कपाटातल्या कॅसेटी

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या चिपळुणातील एका स्थानिक केबल वाहिनीचे वृत्तसंचालक निवृत्त झाल्याची बातमी आपल्या अंकात चार ओळींत आली. बातमी बरोबर होती. परंतु या माणसाने इतकी वर्षे नेमके काय केले हे त्यातून बाहेरगावच्या वाचकाला कळणार नाही, म्हणून हे पत्र.

‘वृत्तसंचालक’ हे पद छापायला भारदस्त दिसते. प्रत्यक्षात हे गृहस्थ स्वतःच बातमी आणत, स्वतःच लिहीत, कॅमेराही स्वतःच खांद्यावर घेत आणि निवेदिका आली नाही तर शर्टावर कोट चढवून वाचायलाही बसत. केबलचालक रात्रीच्या सिनेमाआधी अर्धा तास गावच्या बातम्या दाखवू लागले, तेव्हापासूनचे ते. मुंबई दूरदर्शन १९७२ पासून सुरू असले, तरी तिथल्या सातच्या बातम्यांत आमचे गाव दिसायचे ते बहुधा पूर आला तरच. गुहागर-दापोलीकडचे चित्रीकरण संध्याकाळच्या एसटीच्या चालकाकडे दिले जाई आणि गाडी स्थानकात लागली की हे कॅसेट उतरवून घ्यायला हजर असत.

त्यांचा खरा कस पावसाळ्यात लागे. पाऊस किती मिलिमीटर झाला एवढे सांगून ते थांबत नसत, तर भरतीची वेळही न चुकता सांगत. कारण दाभोळच्या खाडीची भरती आडवी आली की वाशिष्ठी नदीचे पाणी ओसरत नाही, हे इथे बाजारपेठेत बसणाऱ्याला ठाऊक असते आणि मुंबईत बसून बातम्या देणाऱ्याला नसते. माझे कापडाचे दुकान आहे. ती वेळ ऐकून खालच्या फळीवरचे तागे माळ्यावर चढवायचे की घरी जाऊन जेवायचे, हे मी ठरवत असे. एका पावसाळ्यात धरण फुटल्याची आवई उठली, तेव्हा फोन करणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी एकच विचारले : ‘तुम्ही पाहिलंत की ऐकलंत?’ पाहिलेला एकही निघाला नाही आणि बातमी पडद्यावर आली नाही. त्या रात्री त्यांना शिव्या घालणाऱ्यांत मीही होतो, हे इथे नमूद करतो.

पुढे सेट-टॉप बॉक्स आले, स्थानिक वाहिनी शेकडो वाहिन्यांच्या गर्दीत कुठल्यातरी क्रमांकावर गेली, आणि आता तर ज्याच्या हाती मोबाईल तो वार्ताहर. त्याबद्दल तक्रार नाही.

काळजी आहे ती कॅसेटींची. २६ जुलै २००५ चा पूर, कोकण रेल्वेचे रूळ पडत असतानाचे दिवस, चौपदरीकरणापूर्वीचा परशुराम घाट, ग्रामदेवतेच्या शिमग्यातल्या पालख्या, आज हयात नसलेल्या कितीतरी माणसांचे चालणे-बोलणे असे सगळे त्यांत आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात तळमजल्यावरच्या कॅसेटी चिखलात गेल्या. माळ्यावरच्या तेवढ्या वाचल्या. त्यांनी एक उघडून दाखवली, तेव्हा फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरलेली दिसली. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत दुसरे काय होणार? शिवाय या कॅसेटी चालवणाऱ्या व्हीएचएस यंत्रांचे, म्हणजे व्हीसीआरचे, उत्पादन जगात २०१६ सालीच थांबले, त्यामुळे फीत टिकली तरी ती लावायची कशावर हा प्रश्न उरतोच.

दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर आपल्या पोंभुर्ल्याचे म्हणून ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन साजरा करतो, हार घालतो, भाषणे करतो. येत्या ६ जानेवारीला हारांचे पैसे या फितींच्या डिजिटल प्रती करण्याकडे वळवावेत, अशी पत्रकार संघटनांना आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. प्रती ठेवण्यासाठी आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला विचारता येईल. पुराने पुस्तके भिजलेली पाहिलेल्या त्या संस्थेला याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. मात्र जागा वरच्या मजल्यावर असावी.

माझ्याकडे एक व्हीसीआर आहे. गेल्या दिवाळीत लावून पाहिला, तेव्हा चालत होता. या कामासाठी कोणीही येऊन तो घेऊन जावा.

आपला नम्र,
एक वाचक, चिपळूण