बाबांची वही आणि सागवानी स्टँड

सांगली,
नागपंचमी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काकूंना पेटी वाजवताना वही समोर धरायला स्टँड घ्यायचाय, कोणता घेऊ, असं विचारलंस. फोनवर सांगणार होतो, पण मापं लिहिलेली असली की हाताशी राहतात. माझं म्हणणं सरळ आहे: विकत घेऊ नकोस, घरी कर. आमच्याकडे झालाय आणि रोज वापरात आहे.

बाबांची ती जुनी वही तुला आठवत असेल. क्लासला जायचे तेव्हा शाईने उतरवून घेतलेली, सगळी भातखंड्यांच्या स्वरलिपीत, म्हणजे स्वर खुणांनी लिहायच्या त्यांच्या पद्धतीत. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब. आता वही आहे रेघांची. त्यामुळे कोमल ऋषभाखालची रेघ वहीच्या छापील रेघेत मिसळून जाते, आणि कोमल की शुद्ध हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना जो चष्मा मिळाला, त्यातून पावणेदोन फुटांवरचं स्वच्छ दिसतं. त्याच्या पुढे धूसर. वही पेटीशेजारी सतरंजीवर ठेवून ते मान वाकवून वाजवायचे, आणि तासाभरात खांदे धरायचे.

घरात लोखंडी घडीचा स्टँड होता, धाकटीच्या व्हायोलिनसाठी आणलेला. तो बैठकीच्या उंचीला येतच नाही. शिवाय जाड वही ठेवली की त्याच्या तारा वाकतात. धाकटी उभी राहून वाजवते, बाबा मांडी घालून, आणि दोघांचा रियाझ एकाच खोलीत. तेव्हा ठरवलं, दोघांना पुरेल असा एकच लाकडी करायचा.

गावच्या घराच्या दाराची सागवानी चौकट माळ्यावर पडून होती, ती कापली. रचना सोपी आहे. चार पट्ट्या चिकटवून 60 सेंमी उंचीची चौकोनी नळी केली, तळाशी उघडी. तिच्या आत 58 सेंमी लांबीचा, 3 सेंमी जाडीचा चौकोनी दांडा वरखाली सरकतो. दांड्याच्या डोक्यावर 45 बाय 30 सेंमीची प्लायवुडची पाटी. दांड्याला दर 5 सेंमीवर एक अशी 10 भोकं आणि नळीला वरच्या बाजूला एकच आरपार भोक. त्यातून खिट्टी घातली की उंची पक्की. पाटीचा मध्य खाली आणला तर जमिनीपासून 60 सेंमी, वर नेला तर 105. खालच्या उंचीला पाटीची कड पेटीच्या भात्यावर हात हलेल इतकी वर राहते, हे आधी बाबांना पेटीवर बसवून मोजलं. तूही आधी काकूंना बसव, मगच करवत हातात घे.

भोकांच्या बाबतीत माझा एक दांडा वाया गेला. एकाच बाजूने ड्रिल आरपार घातलं आणि पलीकडे ते 3 मिलिमीटर सरकून बाहेर आलं. खिट्टी शिरेना. दुसऱ्या दांड्यावर गुण्या (काटकोन मापायची पट्टी) लावून दोन्ही बाजूंना खुणा केल्या आणि दोन्हीकडून निम्मं निम्मं पाडलं, तेव्हा सरळ आलं. खिट्टी बाभळीची कर. सागवानाची करशील तर रोजच्या घालण्याकाढण्याने झिजेल.

मे महिन्यात दांडा नळीत असा बसला होता की सोडला तर हलकेच खाली उतरायचा. मला फार बरं वाटलं. जुनं सागवान, पन्नास-साठ वर्षं उन्हापावसात राहिलेलं, आता काय हलणार, असं सगळे म्हणतात तसं मीही म्हणालो. ते चूक आहे. लाकूड जुनं झालं तरी हवेतला दमटपणा घेतं आणि सोडतं. लांबीत फरक जाणवत नाही, पण रुंदीत फुगतं. 3 सेंमीच्या दांड्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फरक पडला असेल, आणि मी फट तेवढीसुद्धा ठेवली नव्हती.

आषाढी एकादशीच्या संध्याकाळी घरी भजन होतं. धाकटीने सकाळी रियाझ केला होता, म्हणून पाटी वर होती. माणसं जमली, खिट्टी काढली, आणि दांडा तसाच. दाबला, ठोकला, हलेना. बाबा म्हणाले, राहू दे, पाठ आहे मला. मुखडा छान झाला. अंतऱ्यात एका जागी हात पेटीच्या पट्ट्यांवर थांबला. टाळ चालू होते, दोन आवर्तनं तशीच गेली, मग त्यांनी पुन्हा मुखडा धरला. कुणी काही बोललं नाही. मला रात्रभर झोप आली नाही.

ओला दांडा ओढून निघेना. चार दिवस खोलीत पंखा लावून ठेवला, तेव्हा सुटला. चारही बाजूंना रंधा मारून सगळीकडे मिळून 1 मिलिमीटरची फट केली. पण एवढी फट म्हणजे कोरड्या दिवसांत पाटी डुगडुगणार. म्हणून जुन्या कोल्हापुरी चपलेच्या वरच्या पट्ट्याचं चामडं पातळ तासून नळीच्या तोंडाशी आतल्या दोन बाजूंना चिकटवलं. लाकूड फुगलं की चामडं दबतं, आटलं की पुन्हा वर येतं. दांड्यावर मेणबत्ती घासली. आता एवढा पाऊस लागलाय, तरी बाबा एका हाताने खाली आणतात. पाटी तिरकी धरणाऱ्या बोल्टलाही त्याच चामड्याची चकती आहे. ती नसती तर लाकडावर लाकूड घसरून पाटी हळूहळू झुकली असती.

पाय तीन ठेव, चार नको. आमच्या शहाबादी फरशीत कुठे ना कुठे उंचसखल आहे, आणि तीन पायांचं कधी डगमगत नाही. त्यातले दोन वाजवणाऱ्याच्या बाजूला येऊ देत, कारण वहीचं वजन तिकडे पडतं. वहीखालच्या पट्टीचा काठ 1 सेंमीपेक्षा उंच करू नकोस, शेवटची ओळ झाकली जाते आणि पान उलटताना अडतं. पाटीला पॉलिशही नको. ट्यूबलाइट त्यात चमकते आणि नेमकी ती कोमलची रेघच दिसेनाशी होते. मी नुसतं जवसाचं तेल पुसलं. तेलाची चिंधी मात्र बोळा करून टाकू नकोस, उघड्यावर पसरून वाळव. बोळ्यात उष्णता साठून ती आपोआप पेटू शकते.

चौकटीचा एक तुकडा उरलाय, दांडा आणि नळी दोन्ही होतील एवढा. दिवाळीत येशील तेव्हा आपण दोघं मिळून कापू. तोवर काकू पेटीवर बसल्या की जमिनीपासून डोळ्यांपर्यंतची उंची आणि चष्म्यातून त्यांना किती अंतरावरचं नीट दिसतं, एवढी दोन मापं कळव.

तुझाच,
सांगलीकर