नायक चोर आहे, एवढ्यावरून चित्रपट टाकाऊ ठरवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात इंदूरच्याच एका वाचकांचे पत्र आले होते. सुट्टीत मुलांना जे जपानी ॲनिमेशनपट दाखवले जातात त्यांत चोर हाच नायक असतो, तो पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पळतो आणि मुले टाळ्या पिटतात, हे कसले संस्कार, असा त्यांचा सवाल आहे. त्यांनी नाव घेतलेला चोर म्हणजे ‘लुपाँ तिसरा’. आमच्या रामबागेतल्या मुलांना हे चित्रपट निवडून दाखवणाऱ्यांत मी आहे. तेव्हा उत्तर देणे माझ्याकडे लागते.

त्यांच्या आक्षेपातला काही भाग मला मान्य आहे, तो आधी सांगते. मंकी पंच या टोपणनावाने चित्रे काढणाऱ्या काझुहिको कातो यांनी १९६७ मध्ये ही चित्रकथा सुरू केली ती मोठ्यांच्या साप्ताहिकात. तिच्यात सिगारेटी आहेत, पिस्तुले आहेत आणि बायकांकडे बघण्याची एक नजर आहे जी मला आजही खटकते. १९७१ पासून दूरचित्रवाणी मालिका आली, पुढे चित्रपटांची रांग लागली, आणि त्यातले सगळेच काही लहान मुलांपुढे ठेवण्याजोगे नाही. म्हणून आम्ही आधी स्वतः पाहतो आणि मग दाखवतो. पण ‘चोर नायक आहे’ एवढ्या एका कारणाने सगळ्यावर काट मारायची, हे मला अजिबात पटत नाही.

मुलांना आम्ही दाखवला तो ‘कॅग्लिओस्त्रोचा किल्ला’. हायाओ मियाझाकी यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट डिसेंबर १९७९ मध्ये जपानात प्रदर्शित झाला. त्याची सुरुवातच बघा. लुपाँ आणि त्याचा जोडीदार जिगेन कॅसिनो लुटून पळतात, गाडी नोटांनी गळ्यापर्यंत भरलेली. तेवढ्यात लुपाँच्या लक्षात येते की नोटा खोट्या आहेत. उत्तम छापलेल्या, पण खोट्या. आणि हा गृहस्थ त्या सगळ्या नोटा धावत्या गाडीतून रस्त्यावर उधळून देतो! खोटा माल त्याला चालत नाही. पुढे खोट्या नोटांचा छापखाना जिथे आहे त्या चिमुकल्या राज्यात दोघे जातात आणि गोष्ट सुरू होते.

या चित्रपटातला पोलीसही पाहण्यासारखा आहे. इन्स्पेक्टर झेनिगाता वर्षानुवर्षे लुपाँच्या मागावर आहे. किल्ल्याच्या तळघरात त्याला खोट्या नोटांचा कारखाना दिसतो, तो वरिष्ठांना पुरावा देतो, पण बड्या देशांचे हात त्यात अडकलेले असल्यामुळे कुणीच कारवाई करायला धजत नाही. तेव्हा हा सरळमार्गी माणूस लुपाँला पकडण्याचे निमित्त करून दूरचित्रवाणीचा कॅमेरा घेऊनच तळघरात शिरतो आणि सगळ्या जगासमोर ‘अरे, हे काय? या तर खोट्या नोटा!’ असे आश्चर्य करतो. आमच्याकडे सर्वांत मोठा हशा इथे पिकला. टाळ्याही इथेच पडल्या, पोलिसासाठी. कायद्याची थट्टा होते म्हणणाऱ्यांनी एवढा एक प्रसंग तरी जरूर पाहावा.

आणि शेवटी चोराच्या हाती काय लागते? किल्ल्याचा शतकानुशतके दडलेला खजिना म्हणजे तळ्याच्या पाण्याखाली बुडालेले एक रोमन काळाचे अख्खे नगर. हे काही माझ्या खिशात मावायचे नाही, असे म्हणून लुपाँ तो सगळ्या जगासाठी ठेवतो आणि रिकाम्या हाताने निघून जातो.

आता मला जे मुख्य म्हणायचे आहे ते लिहिते. मुलांना या चित्रपटांतली चोरी फारशी आठवत नाही. कुठल्या तिजोरीतून काय पळवले हे विचारा, निम्म्यांना सांगता येणार नाही. त्यांना आठवतात ते लुपाँ आणि जिगेन. किल्ल्याच्या गोष्टीत सुरुवातीलाच रस्त्यात गाडीचे चाक बसते. जिगेन घाम गाळत चाक बदलतो आणि लुपाँ टपावर निवांत. वर ढग सरकत असतात. कथा पुढे जायला या प्रसंगाची काहीच गरज नाही. मग खानावळीतला प्रसंग, एकाच मोठ्या परातभर शेवयांवर दोघांचे काटे तुटून पडतात, ओढाताण होते, आणि तेवढ्यातही बोलणे कामाचेच चालू असते. आमच्या मुलांनी हे दोन प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावायला सांगितले. पाठलागाचा प्रसंग नव्हे, हे मला महत्त्वाचे वाटते.

कारण मैत्री मोडल्याची गोष्ट सांगायची तर आधी मैत्रीला असा रिकामा वेळ द्यावा लागतो. जानेवारी २०१९ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर ‘गुडबाय पार्टनर’ नावाचा लुपाँपट आला. त्यात जिगेन लुपाँची साथ सोडतो आणि पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहतो. का, ते लिहीत नाही, न पाहिलेल्यांचा रसभंग नको. हा आम्ही मोठ्या मुलांनाच दाखवला, पण त्यानंतर जी चर्चा झाली तिची सर मूल्यशिक्षणाच्या कुठल्याच तासाला येणार नाही.

या टोळीत फुजिको नावाची एक बाई आहे. ती लुपाँला उठता-बसता फसवते, ऐन वेळी माल घेऊन पसार होते, आणि लुपाँ पुन्हा तिच्यावर भरवसा टाकतो. तिच्या दग्याने एकाही मुलाला वाईट वाटले नाही. जिगेनने मात्र पाठ फिरवली तेव्हा एक मुलगी रागाने उठून पाणी प्यायला गेली. मी विचारले, दोघांनीही फसवलेच की, मग फरक काय? तिचे उत्तर सरळ होते, ‘तिने कधी शब्दच दिला नव्हता.’ ही मुलगी सहावीत आहे. विश्वास जेवढा जुना तेवढा दगा खोल, हे तिला कुणी फळ्यावर लिहून शिकवलेले नाही. आपल्याकडे याला केसाने गळा कापणे म्हणतात, आणि गळा कापून घेण्याइतके जवळ आपण फक्त आपल्याच माणसाला येऊ देतो.

चोरांच्या गोष्टीत हे जास्त लख्ख दिसते. व्यापारी भागीदाराने फसवले तर कागद असतो, वकील असतो, कोर्ट असते. चोराला चोराने फसवले तर तो कुणाच्या दारात जाणार? त्यांच्याकडे दिलेल्या शब्दाखेरीज दुसरे काहीच नसते. म्हणून निष्ठेची परीक्षा घ्यायला लेखक पुन्हा पुन्हा चोरांच्या टोळीकडे वळतात.

आणि हे काही आपण परदेशातून आयात केलेले नाही. इंदूरपासून तास-दीड तासावर उज्जयिनी आहे. तिथेच घडणाऱ्या शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातला शर्विलक आठवा. चांगला शिकलेला ब्राह्मण, प्रेयसी मदनिकेला दास्यातून सोडवायला चोरी करतो. भिंतीला भोक पाडायचे तर ते कुठल्या आकाराचे, कमळाचे की चंद्रकोरीचे की पूर्णकुंभाचे, यावर तो विचार करत बसतो, म्हणजे सकाळी बघणाऱ्यांनी वाहवा केली पाहिजे! मापायची दोरी घरी राहिली तर गळ्यातले जानवेच माप म्हणून वापरतो. दार करकरू नये म्हणून त्यावर पाणी शिंपडतो. त्याचे नियमही ठरलेले आहेत. बाईच्या अंगावरचा दागिना घेणार नाही, दाईच्या मांडीवरचे मूल पळवणार नाही.

हाच शर्विलक चौथ्या अंकात काय करतो? मदनिका मिळाली, तिला घेऊन निघाला, आणि वाटेत दवंडी कानावर पडते की त्याचा मित्र आर्यक याला पालक राजाने कैदेत टाकले आहे. मित्र आणि पत्नी दोन्ही प्रिय खरे, पण या घडीला मित्र शंभर सुंदरींहून मोठा, असे म्हणून तो गाडीतून उतरतो आणि मित्राला सोडवायला जातो. देवलांनी हे नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणले आणि आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने ते डोक्यावर घेतले. कुणी म्हटले नाही की पोरे भिंती फोडायला शिकतील. त्यानंतर बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यातला काळापहाड घरोघर वाचला गेला. माझ्या वडिलांच्या पिढीतले किती सज्जन कारकून आणि मास्तर वाचनालयातून ती पुस्तके आणत, हे आक्षेप घेणाऱ्या वाचकांनाही आठवत असेल.

लुपाँचे मूळ घराणे फ्रान्सचे. मोरिस लब्लां यांनी १९०५ मध्ये आर्सेन लुपाँची पहिली कथा लिहिली, आणि तिच्यात हा चोर चक्क पकडला जातो. एका सरदाराच्या दिवाणखान्यातले फर्निचर नकली निघाले म्हणून काही न नेता, खरे आणाल तेव्हा परत येईन, अशी चिठ्ठी ठेवून जाणारा हा माणूस. जपानी लुपाँ त्याचा नातू म्हणून लिहिला गेला. खोट्या नोटा रस्त्यावर फेकण्याची खोड त्याला आजोबांकडूनच आली असावी.

एक तक्रार मात्र माझीही आहे, आणि ती चित्रपट बनवणाऱ्यांकडे आहे. हल्ली कुठल्याही चोरीच्या कथेत मित्राने दगा दिला की शेवटच्या पाच मिनिटांत कळते, अरे, हे तर आधीच ठरलेले नाटक होते! प्रेक्षकाने तासभर सोसलेले दुःख फुकट जाते. मुलांना ते लगेच कळते आणि आवडत नाही. दगा खरा असेल तर त्यानंतरची क्षमाही खरी असावी लागते, आणि क्षमा लिहायला कष्ट पडतात. ज्यांना ते कष्ट नकोत त्यांनी मैत्रीच्या गोष्टींना हात घालू नये.

ॲनिमेशन म्हणजे ‘कार्टून’, पोरांना गप्प बसवायची सोय, हा समज आपल्या शहराला तर अजिबात शोभत नाही. चित्रकला शिकवणाऱ्या देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली बेंद्रे आणि हुसेन हे चित्रकार इथेच शिकले. जिगेनचे चित्र नीट बघा. टोपीची कड खाली, डोळे बहुतेक वेळ झाकलेले. राग, शरम, थट्टा सगळे काही तोंडाच्या एका रेषेतून, दाढीच्या कोनातून आणि खांद्यांच्या पोकातून दाखवायचे. आणि आवाजातून. कियोशी कोबायाशी यांनी १९७१ पासून २०२१ पर्यंत जिगेनला आवाज दिला. लुपाँचा आवाज असलेले यासुओ यामादा १९९५ मध्ये गेले, त्यांच्या जागी त्यांची हुबेहूब नक्कल करणारे कानिची कुरिता आले. म्हणजे पडद्यावरच्या जोडीतला एक जण गेल्यावरही दुसरा त्याच मित्राशी बोलत राहिला. मुलांना हे सांगितल्यावर त्यांनी डोळे मिटून काही संवाद पुन्हा ऐकले.

आता आपल्याला विनंती. रविवारच्या पुरवणीत हिंदी-मराठी चित्रपटांची परीक्षणे येतात, तिथे महिन्यातून एकदा तरी ॲनिमेशनपटावर कुणा जाणकाराकडून लिहवून घ्यावे, कोणत्या वयाला कोणता योग्य हेही त्यात असावे. दुसरे, मराठी उपशीर्षकांचा आग्रह आपण धरावा. आमची मुले घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलतात. जपानी संवाद चालू असताना मी शेजारी बसून मराठीत सांगत जाते, त्यात निम्मी गंमत हरवते. शहरातल्या मराठी संस्थांनी मनावर घेतले तर चार जाणत्या मंडळींकडून हे काम होण्याजोगे आहे.

आक्षेप घेणाऱ्या वाचकांनाही एक सांगायचे आहे. पुढच्या बैठकीत आम्ही ‘मृच्छकटिक’चा तिसरा अंक, शर्विलकाच्या घरफोडीचा, मुलांना मराठीत वाचून दाखवणार आहोत आणि त्याच दिवशी ‘कॅग्लिओस्त्रोचा किल्ला’ पुन्हा लावणार आहोत. त्यांनी अवश्य यावे, नातवंडांना घेऊन यावे, आणि त्यांचे म्हणणे मुलांसमोरच मांडावे. मुले उत्तरे देतील.

आपली,
एक नियमित वाचक,
रामबाग, इंदूर