इन्सुलिन सोडायला सांगणाऱ्या पत्रकांविषयी

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

सकाळी वर्तमानपत्र उघडले की घडीतून दोन-तीन रंगीत पत्रके खाली पडतात. शिकवणी वर्ग, साड्यांचा सेल, नवा दवाखाना. ती आपण छापलेली नसतात आणि बहुधा वितरणाच्या वेळी अंकात सरकवली जातात, याची मला कल्पना आहे. त्यांतच अधूनमधून मधुमेहाचे एखादे पत्रक असते. ठरावीक दिवसांची पूड घ्या, सुई कायमची सुटेल, असे त्यात छातीठोकपणे लिहिलेले असते. पूर्वी मी ते रद्दीत टाकून देत असे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरावर जो प्रसंग आला, त्यानंतर मात्र गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या भाच्याला नवव्या वर्षी टाइप वन मधुमेह झाला. आज तो सोळा वर्षांचा आहे. दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेऊन तो शाळेत गेला, क्रिकेट खेळला, दहावीची परीक्षा नीट पार पाडली. अशाच एका पत्रकावरून त्याच्या घरी पूड आली आणि ती देणाऱ्याने, इन्सुलिन चालू असेल तर पुडीचा गुण येणार नाही, असे सांगून ते पूर्ण बंद करायला लावले. नवतपा सुरू होता, नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या घरात होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाला उलट्या सुरू झाल्या, पोट दुखू लागले, अंगात त्राण राहिले नाही. घरातल्या सगळ्यांनी एकच निदान केले : ऊन लागले. उशाशी कांदा ठेवला, तळपाय चोळले आणि कैरीचे पन्हे केले. मुलगा तहानेने कासावीस झाला होता, म्हणून त्याला गुळाच्या पन्ह्याचे पेल्यामागून पेले पाजण्यात आले.

मी संध्याकाळी पोहोचले. तो दर अर्ध्या तासाने लघवीला उठत होता, हे मला खटकले, कारण ऊन लागून अंगातले पाणी आटलेल्या माणसाला लघवी कमी होते. त्याचा श्वास खोल आणि जलद चालला होता, नुकताच धावत आल्यासारखा. तोंडाजवळ वाकले तर उतरलेल्या फळासारखा गोडसर, उग्र वास आला. ग्लुकोमीटरवर आकडा उमटलाच नाही. यंत्राच्या मापापलीकडे साखर गेल्याची खूण तेवढी दिसली. धंतोलीतल्या एका रुग्णालयात त्याला नेले, तेव्हा रक्त आम्लधर्मी झाले होते. सलाइन, इन्सुलिनचे ड्रिप आणि दर तासाची तपासणी अशा दोन रात्री अतिदक्षता विभागात गेल्या. तो वाचला. आणखी काही तास ऊन उतरण्याची वाट पाहिली असती तर काय झाले असते, हे तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट शब्दांत सांगितले.

माझी बहीण आणि मेहुणे अडाणी नाहीत. मेहुणे बँकेत नोकरीला आहेत, बहीण बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरेसुद्धा वाचते. पण सात वर्षे रोज चार वेळा आपल्या लेकराला सुई टोचताना पाहणाऱ्या आईच्या मनात काय चालते, हे ते पत्रक लिहिणाऱ्याला बरोबर ठाऊक असते. म्हणूनच मला बहिणीपेक्षा त्या पत्रकाचा राग अधिक येतो.

टाइप वन मधुमेहात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती नष्ट करते. इन्सुलिन नसले की रक्तात साखर भरपूर असूनही ती पेशींना वापरता येत नाही, मग शरीर चरबी जाळू लागते, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होत जाते. कारले, जांभळाच्या बिया किंवा गुडमार यांतल्या कशातूनही हे इन्सुलिन परत मिळत नाही. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता, म्हणून फारसा उपयोग झाला नाही. २३ जानेवारीपासून शुद्ध केलेला अर्क दिल्यावर त्याची साखर उतरली. त्यापूर्वी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणे एवढाच इलाज वैद्यांच्या हाती होता आणि आईबापांना त्यांचे दिवस मोजत बसावे लागे. आमच्या भाच्याला इन्सुलिन मिळू लागण्यापूर्वीच्या काळात हा आजार झाला असता, तर तो दहावीपर्यंत पोहोचला नसता.

टाइप टू मधुमेहाची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि आपल्याकडे बहुसंख्य रुग्ण याच प्रकारचे आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. यांतल्या अनेकांना वर्षानुवर्षे गोळ्या पुरतात, पण स्वादुपिंडाची क्षमता हळूहळू कमी होत जाते आणि काहींना पुढे इन्सुलिन लागते. डॉक्टरांनी ते लिहून दिले की लग्नाच्या पंगतीत किंवा महालक्ष्म्यांच्या जेवणाला जमलेले नातेवाईक हळहळतात : अरेरे, सुईवर गेले का, आता सवय लागणार! हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याने किती जणांचे डोळे आणि मूत्रपिंडे गेली असतील, या विचाराने जीव कळवळतो. इन्सुलिनचे व्यसन लागत नाही. शरीरात जे कमी पडते, तेच बाहेरून दिले जाते. शस्त्रक्रिया, संसर्ग किंवा गरोदरपण यांसाठी सुरू केलेले इन्सुलिन पुढे डॉक्टर स्वतःच थांबवतात, वजन आणि आहार आटोक्यात आल्यावर काहींचे कमीही होते. पण तो निर्णय रक्ताचे अहवाल पाहून घ्यायचा असतो.

साखर एकदम उतरून घाम सुटला, हात थरथरले, की घाबरून इन्सुलिन सोडणारेही पुष्कळ आहेत. ही भीती खरी आहे, तिला मी कमी लेखणार नाही. साखर ७० च्या खाली गेली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि डॉक्टरांना सांगून मात्रा बदलून घ्यावी. तेवढ्यासाठी औषधच टाकून देऊ नये.

घेऊनही गुण येत नाही, अशी तक्रार आपल्या भागात उन्हाळ्यात विशेष ऐकू येते. तिचे एक कारण आपल्या हवेतच आहे. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. वापरात असलेली बाटली बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे घरातल्या तापमानावर चालते, पण हे तापमान २५-३० अंशांपर्यंतचे धरलेले आहे, मे महिन्यातल्या आपल्या खोलीचे नव्हे. औषधाच्या दुकानातून आणलेली बाटली स्कूटरच्या डिक्कीत तासभर राहिली, तर तिच्यातली ताकद उतरू शकते. घरी फ्रिज नसेल, तर पाण्याने ओल्या ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, बाटलीला पाणी लागणार नाही अशा बेताने ती ठेवता येते. फ्रिज असेल तर बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही ताकदींचे इन्सुलिन मिळते आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. ४० च्या बाटलीला १०० ची सिरिंज लावली, तर मात्रा निम्म्याहून कमी जाते. उलट झाले तर अडीच पट जाते आणि ते जिवावर बेतते.

आमच्या घरातली मोठी चूक पुडीनंतरची होती. उलट्या सुरू झाल्यावर बहिणीच्या मनात शंका आली होती, पण पोरगा काही खात नाही, मग इन्सुलिन कशाला, असे म्हणून तिने हातातली सिरिंज परत ठेवली. टाइप वनच्या रुग्णाला जेवण नसतानाही मूळ इन्सुलिन लागतेच, कारण उपाशीपोटीही यकृत रक्तात साखर सोडत राहते आणि आजारपणात ती उलट वाढते. ताप, उलट्या, जुलाब झाले की दर तीन-चार तासांनी साखर तपासावी, कीटोनची पट्टी मिळाली तर तीही बघावी आणि किती घ्यायचे ते डॉक्टरांना विचारावे. टाइप टूच्या रुग्णांनीही आजारपणात मात्रा कमी-जास्त करायची ती विचारूनच करावी.

आता आपल्याकडे मागणे. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ या कायद्याच्या अनुसूचीत मधुमेहाचा समावेश आहे, म्हणजे मधुमेह बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणे या कायद्याने मना आहे. कायदा सत्तर वर्षे जुना असूनही पत्रके छापली जातात, वाटली जातात आणि कोणी हटकत नाही. आपल्या अंकात अशी जाहिरात येणार नाही, हे आपण पाहालच. माझी विनंती वितरकांबाबत आहे. अंकात सरकवली जाणारी पत्रके किमान एकदा वाचून पाहावीत आणि मधुमेहाचा असा दावा दिसला तर ते पत्रक बाजूला काढावे, अशी सूचना आपण त्यांना द्यावी. ज्या पत्रकाने आमच्या घरी पूड आली, त्याची प्रत बहिणीने जपून ठेवली आहे. ती या पत्रासोबत जोडली आहे, तिच्यावरचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक संबंधित यंत्रणेपर्यंत पोहोचवावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
नंदनवन, नागपूर