लक्ष्मीच्या जागी आधी स्वतः बसलेल्या दिग्दर्शकांस

आदरणीय सर,

विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' या नाटकाचा आमचा प्रयोग पार पडला आणि त्याचे कौतुकही झाले. परंतु ज्या गोष्टीसाठी मला आपले आभार मानायचे आहेत ती प्रेक्षकांना दिसणे शक्यच नव्हते, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आपल्याआधी ज्यांच्याकडे दिग्दर्शन होते, त्यांच्या तालमीत, सखारामने घरात आणलेल्या लक्ष्मीला नाटकात बसणारी थप्पड ती भूमिका करणाऱ्या मला खरोखर बसत असे. 'भूमिकेसाठी सोसावे लागते' हे त्यांचे ठरलेले उत्तर असे, आणि त्या वेळी बाकीची मंडळी संहितेत डोके घालून बसत. तेंडुलकरांचा सखाराम आपण ढोंगी नाही याचा सतत डंका पिटतो, घरात आणलेल्या बाईला आल्या आल्या नियम ऐकवतो आणि या रोखठोकपणातच जणू मारण्याचा परवाना मिळाल्यासारखा वागतो. आमच्या त्या दिग्दर्शकांचा 'वास्तववाद' याहून फारसा वेगळा नव्हता. (दिग्दर्शक कमलाकर सारंगांनी १९७२ मध्ये हे नाटक रंगमंचावर आणले तेव्हा गदारोळ झाला तो अश्लीलतेच्या आरोपावरून, लक्ष्मीच्या अंगावरच्या वळांनी तेव्हा किती जण अस्वस्थ झाले असतील, हा प्रश्न मला तालमीत वारंवार पडे.)

आपण आलात आणि मारहाणीच्या प्रसंगाची पहिली तालीम सुरू होण्याआधी मला बाजूला बसवून स्वतः लक्ष्मीच्या जागी जमिनीवर बसलात. सखारामचे काम करणाऱ्या मुलाला म्हणालात, 'आधी मला मार.' तो गोंधळला. मग त्याचा हात आपल्या गालापासून किती अंतरावरून जायला हवा, थपडेचा आवाज मार खाणाऱ्यानेच प्रेक्षकांच्या नजरेआड टाळी वाजवून कसा काढायचा, केस धरले की धरणाऱ्याचे मनगट आपणच घट्ट पकडून ओढ आपल्या ताब्यात कशी ठेवायची, हे आपण आमच्यासमोर पुन्हा पुन्हा करून दाखवलेत. साठीकडे झुकलेला माणूस सर्वांदेखत केस विस्कटून घेत होता आणि त्याला त्यात कुठेही कमीपणा वाटत नव्हता. त्यानंतर मला एवढेच सांगितलेत, की मी मानेने खूण केल्याशिवाय त्याचा हात उठणार नाही.

नाटकात ज्या बाईच्या हाती काहीच नाही, तिची भूमिका करणारीच्या हाती आपण तो प्रसंग दिलात. वेदनेने कळवळणाऱ्या लक्ष्मीला सखाराम रात्री बळजबरीने हसायला लावतो, तो प्रसंग मला थपडेपेक्षा अवघड वाटत होता. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने शाब्दिक आणि भावनिक छळालाही हिंसाचार मानले आहे. हे हसणे त्याच जातीचे. तिथे तर टाळीची युक्तीही चालत नाही. तालमीत ते हसू मध्येच थांबवण्याची मोकळीक आपण मला दिलीत, आणि थांबल्यावर कारण कधीच विचारले नाहीत. ती मोकळीक आहे हे ठाऊक झाल्यावरच मी ते हसू शेवटपर्यंत नेऊ शकले. अधिकार हाती असताना समोरच्याला लहान न करणारी माणसे कलाक्षेत्रात फारशी वाट्याला येत नाहीत, म्हणून ती भेटल्यावर चारचौघांत सांगावेसे वाटते.

सखाराम रंगवणाऱ्या सहकाऱ्यानेही आपल्याला धन्यवाद कळवायला सांगितले आहे. पूर्वीच्या तालमींनंतर तो माझ्याशी नजर मिळवत नसे. आता प्रयोग संपल्यावर आम्ही दोघे त्या प्रसंगातल्या चुकांवर वाद घालत बसतो.

आपली नम्र,
लक्ष्मीची भूमिका करणारी