हलव्यातला किडा आणि काळूचं नाक

बैरूत, १२ फेब्रुवारी

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा फोनवर तू म्हणालीस, हलव्याच्या तोंडात पायवाला पांढरा किडा निघाला म्हणून मावशीने अख्खा मासा मांजराला घातला. आई, केवढा मासा फुकट घालवलात! तो किडा माशाच्या तोंडात घर करतो, खाणाऱ्याला काही करत नाही. डोकं टाकायचं, बाकीच्या तुकड्या तळायच्या. मी सांगत होतो तो जीभकिडा वेगळा. मधेच रेंज गेली आणि तू दोघांचं एकच कालवण केलंस, म्हणून हे पत्र.

इथे न्याहारीला बकऱ्याची कलेजी कच्ची खातात. खरंच. तुकड्यांवर मीठ, कांदा, पुदिना, आणि पावात गुंडाळून तोंडात. आमच्या किचनमधला एक जण सुट्टीला गावी गेला होता, तिथे त्याने खाल्ली. तासाभरात घशात अशी खाज सुटली की बोलता येईना. शिंकांवर शिंका, नाका-डोळ्यांतून पाणी. खाकरता खाकरता तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी अळी बाहेर पडली, तीच जीभकिड्याची. दोन दिवसांनी कामावर आला तरी आवाज बसलेलाच. जुने लोक या दुखण्याला हलझून म्हणतात, म्हणजे गोगलगाय.

जीभकिडा हे नाव आकारावरून पडलं. तो राहतो कुत्र्याच्या नाकात. मादी तुझ्या करंगळीहून लांब होते, चपटी, तोंडाशी चार आकडे. दिसायला जंत, पण जातकुळी कोळंबी-कुर्ल्यांची! म्हणजे हलव्यातल्या किड्याचा लांबचा भाऊबंदच, तेव्हा तू अगदीच चुकली नाहीस. याच्या दुसऱ्या भावकीचं बिऱ्हाड सापाच्या फुफ्फुसात असतं. आपल्याकडे साप कोणी खात नाही, ते सोड.

कुत्रा शिंकला की शेंबडातून अंडी गवतावर पडतात. ते गवत शेळी खाते. अळ्या तिच्या कलेजीत आणि आतड्यांलगतच्या गाठींत जाऊन बसतात. तेच कच्चं कुत्र्याने खाल्लं की पुन्हा नाकात. आता आठव, वजडी साफ करताना तू गाठींची चरबी बोटांनी ओढून काढतेस आणि मागीलदारी काळूला टाकतेस. तो पायरीखाली वाट बघतच बसलेला असतो. ती टाकू नकोस गं. द्यायचीच तर खळखळून उकळून दे. आपल्या सागोतीची काळजी नाही, तू ती एवढी शिजवतेस की त्यात कोण जगणार!

काळू सारखा शिंकतो, नाक जमिनीला घासतो असं बाबा म्हणाले. कारण धूळही असेल, पण गुरांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. बंड्या त्याच्या नाकाला नाक लावून झोपतो, ते आधी बंद कर आणि जेवायच्या आधी हात धुवायला लाव. अंडी पोटात गेली तर अळ्या बहुधा आतच निमूट पडून राहतात, माणसाला पत्ताही लागत नाही. क्वचित डोळ्यात शिरल्या तर मात्र पंचाईत. एकाचं दुसऱ्याला होत नाही, तेव्हा मावशीला उगाच घाबरवू नकोस.

इकडे कोणी येणार असेल तर सोडे पाठव. कोळंबीचे हे नातेवाईक कळूनही माझी खायची इच्छा गेलेली नाही. बाबांना नमस्कार.

तुझा,
नाना