ताई, ॲप्रनची बटणं लावता येतात ना?

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "तात्या, दात तुम्ही काढता का मी?" आणि फोन ठेवलास. तुझी आई म्हणते, दवाखाना बंद कर असं लेकीला कुणी सांगतं का. मी ते अजून मागे घेतलेलं नाही. पण आवाज चढवायचा नव्हता. फोन कानाला लावला की माझा गाळ्यावरचा आवाज निघतो, ट्रकच्या पलीकडच्या माणसाला हाक मारायचा. म्हणून कागद घेऊन बसलोय.

जावईबापूंवर रागावू नकोस. त्यांनी चुगली केली नाही. "ताई कशी आहे" विचारलं तर ते गप्प राहिले, आणि ते काही गप्प राहणाऱ्यांतले नाहीत. मग मीच खोदून काढलं. एमआरआयचा कागद धाकट्याने मोबाइलवर मोठा करून वाचून दाखवला. मानेतल्या सी-५ आणि सी-६ मणक्यांमधली गादी सुकलीय, चपटी झालीय, मागे सरकून उजवीकडच्या नसेला टेकलीय. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बधिर. आणि वय 34.

एकच विचारतो, मग दुसरं लिहितो. तुझ्या पांढऱ्या ॲप्रनला पुढे बटणं आहेत. ती खाली न बघता लावता येतात का?

का विचारतो ते तुला ठाऊक आहे. नानाकाका. तू तेव्हा बारावीला होतीस, घरात तुझ्या अभ्यासाशिवाय बोलणं नव्हतं, त्यामुळे सगळं तुझ्या कानावर आलं नसेल. नानाची मान कधी दुखली नाही. आमच्या हमालांच्या टोळीत बाकी सगळ्यांच्या माना दुखायच्या, नाना म्हणायचा, माझी मान बैलाची आहे. मग त्याला चहाचा कप धरता येईना. सदऱ्याची बटणं वहिनी लावून द्यायला लागल्या. हजेरीच्या वहीत सही करायचा, त्या सहीचा आकार बदलला, ते मुकादम म्हणून मला रोज दिसायचं. चालताना म्हणायचा, कापसावर पाय पडतोय असं वाटतं. लोक म्हणाले, नाना प्यायला लागला. माळकरी माणूस! पुढे लघवीचं कळेनासं झालं तेव्हा दवाखाना झाला. डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, ही नुसती नस नव्हे, मधला मज्जारज्जूच दबलाय. ऑपरेशन चांगलं झालं. पण जेवढं गेलं होतं त्यातलं थोडंच परत आलं. पुढचं जायचं थांबलं, एवढंच.

तुझं तसं नाही. कराडच्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलंय. (हो, गेलो होतो. तुझा रिपोर्ट घेऊन गेलो होतो. रागाव हवं तर.) त्यांच्या टेबलावर प्लास्टिकचे मणके होते, ते हातात देऊन शिकवलं. मानेत सात मणके, पहिल्या दोनांच्या मध्ये गादी नाही, म्हणजे गाद्या सहा. पाचव्या-सहाव्या मधली आणि तिच्या खालची, ह्या दोन सगळ्यांत जास्त झिजतात, कारण वाकण्याचा भार तिथेच जास्त. पाचव्या-सहाव्यातून निघणारी नस थेट अंगठ्याकडे जाते, म्हणून तुझा अंगठा. खालच्या गादीचं असतं तर मधलं बोट धरलं असतं. नुसती नस दबली असेल तर बहुतेकांचं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत ऑपरेशनशिवाय निवळतं, असं म्हणाले. तुझ्या सर्जननेही तेच सांगितलंय म्हणे, सहा आठवडे व्यायाम आणि मग बघू. मला सगळं पटलं. बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो, एसटीत बसलो आणि गाव यायच्या आधी पुन्हा बटणांचाच विचार सुरू.

तिथे मी माझीही फिल्म काढली. हसशील. डॉक्टर म्हणाले, तात्या, मणक्यांना चोची फुटल्यात, तीन गाद्या जवळजवळ नाहीतच. मी म्हटलं, दुखत तर काही नाही. म्हणाले, मग घरी जा. फिल्मवर झीज दिसली म्हणजे आजार झाला असं नाही, ह्या वयात बहुतेकांच्या मानेत असलं दिसतं आणि त्यांना पत्ताही नसतो. तेव्हा रिपोर्टातल्या मोठ्या मोठ्या शब्दांनी तू रात्री जागू नकोस. तुझ्या बापाची मान कागदावर तुझ्यापेक्षा दहा पट वाईट आहे आणि आज सकाळी त्याने भाताचे भारे वाहिले.

मला मात्र एक कोडं सुटत नाही. मुंबईत दाणाबंदरच्या धान्यबाजारात मी लागलो तेव्हा पोतं शंभर किलोचं असायचं. मानेच्या मागे, पाठीच्या वरच्या अंगावर घ्यायचं, हनुवटी छातीला टेकवून फळीवरून ट्रकात चढायचं. बाजार वाशीला आला, पुढे पोती पन्नासवर आली, तोवर माझी उमेद सरली होती. आणि तू? तुझ्या हातातलं ते यंत्र छटाकभर वजनाचं. डॉक्टर म्हणाले, डोक्याचंच वजन पाच किलोच्या आसपास असतं, आणि मान पुढे वाकवून धरली की मणक्यांवर त्याच्या कितीतरी पट भार पडतो. शिवाय पोतं टाकलं की हमाल ताठ होतो, चार पावलं मोकळा चालतो. तू रूट कॅनालला एकदा वाकलीस की तास तास तशीच. गादीला स्वतःचं रक्त नसतं म्हणे. मान हलत राहिली तरच तिला पाणी आणि पोषण मिळतं. एका जागी थिजली की ती वाळते.

तुझ्या खुर्चीत मी बसलोय ना, कवळीच्या आधी तू माझे राहिलेले दात काढलेस तेव्हा. तोंड उघडं, बोलता येत नव्हतं, म्हणून बघत राहिलो. वरची मागची दाढ बघायला तू डोकं उजव्या खांद्यावर टाकून खाली वाकायचीस. तोंडात घालायचा छोटा आरसा हातात असूनही तू वाकूनच बघत होतीस. आणि मला म्हणालीस, "तात्या, मान आखडून घेऊ नका, सैल सोडा." कोण कुणाला सांगतंय!

टोळीतला नियम तुला सांगितला होता का? पोतं जमिनीवरून कुणी एकट्याने उचलायचं नाही. दोघांनी उचल द्यायची, कमरेच्या वर आणायची, तेव्हा वाहणारा पाठ लावतो. ओझं माणसाच्या उंचीला येतं, माणूस ओझ्याच्या उंचीला जात नाही. नवीन पोरं मर्दुमकी दाखवायला वाकायची, त्यांना मी शिव्या घालायचो. तुझ्या खुर्चीलाही खालीवर करायचं पायडल आहे. पेशंटला वर घे, मागे झोपव, त्याला मान वळवायला सांग, कण्हला तर कण्हू दे. तो वीस मिनिटांनी घरी जाणार आहे, तुला पुढच्या पेशंटसाठी पुन्हा वाकायचंय. ते दुर्बिणीचे चष्मे मिळतात, ताठ बसून दात मोठे दिसणारे, ते तू महाग म्हणून घेतले नाहीस हेही मला कळलंय. तुझ्या मापाचे करून घे. पैसे मी देतो.

आणि न्हाव्याकडून किंवा कुठल्या मालीशवाल्याकडून मान मोडून घ्यायची नाही. कट्‌कन आवाज आला की बरं वाटतं, आमच्या टोळीत सगळे घ्यायचे. मेंदूला जाणारी रक्तवाहिनी मणक्यांतून वर जाते, झटक्याने ती फाटू शकते. पट्टा चार-आठ दिवस ठीक, कायमचा लावलास तर मानेचे स्नायू ढिले पडतील. दोन उशा घेतेस, एक काढ. रात्री आडवी होऊन मोबाइल

बास. तुला मी हे सांगायचं म्हणजे पाटणच्या बाजारात भात विकणाऱ्याला भाताचा भाव सांगण्यासारखं आहे. तू ह्या नसा पुस्तकातून शिकलीस, मी पोत्याखालून. माफ कर. लिहिलेलं खोडत नाही, कारण खोडलं की तुला वाटेल खाली काय होतं.

तुझी आई विचारतेय, एवढं काय लिहिताय. मी म्हटलं, खत आणि बियाण्याचा हिशोब.

ताई, तुला आठवतं का तू शिकत असताना गाळ्यावर आली होतीस ते? तुमच्या कॉलेजचं शिबिर होतं. बॅटरी आणि लाकडी चपट्या काड्या घेऊन तू पोत्यांच्या थप्पीवर बसलीस आणि एकेकाला "आ करा" म्हणालीस. हमालांना लाज वाटत होती, तंबाखूने सगळ्यांची तोंडं सडलेली. मी लांब उभा राहून वहीत काहीतरी लिहितोय असं दाखवत होतो. वहीत काही नव्हतं. अण्णासाहेब पाटील आपल्याच ढेबेवाडी खोऱ्यातले, त्यांनी हमालांना एकत्र केलं, 1969 साली माथाडीचा कायदा झाला, बोर्डात नाव लागलं म्हणून मला फंड मिळाला आणि त्या फंडातून तुझी फी गेली. हे सगळं त्या वेळी माझ्या डोक्यात फिरत होतं आणि मी वहीत रेघोट्या मारत होतो.

त्या दिवशी एकाच्या गालात आतून पांढरा डाग होता. तो म्हणाला, दुखत नाही हो डॉक्टरीणबाई. तू त्याला सगळ्यांसमोर झापलंस. "दुखत नाही म्हणूनच दाखवायचा! दुखायची वाट बघितलीत तर उशीर होईल." तो गेला, दाखवलं, काढून टाकलं. अजून आहे, नातवंडांना खेळवतो.

मग आता हेच मी तुला म्हणतोय तर तुझा आवाज का चढतो? दुखण्याला मी भीत नाही. दुखणं ओरडून सांगतं. मला भीती आहे ती न दुखणाऱ्याची. डॉक्टरांनी एक चाचणी दाखवली, दहा सेकंदांत मूठ पूर्ण उघडायची आणि मिटायची, वीस वेळा तरी व्हायला हवी. मी घरी घड्याळ लावून करतो, तुझी आई मला वेडा म्हणते. तू दोन्ही हातांनी करून बघ. एका रेषेत टाचेला पंजा लावून चाल. आणि बटणं. ह्यातलं काही अडलं, हाताची पकड गेली, पाय अडखळला, तर सहा आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी सर्जनकडे जायचं. मानेच्या पुढच्या बाजूने ऑपरेशन करतात, गादी काढून दोन मणके जुळवतात. वेळेवर केलं तर माणसं कामाला लागतात. नानाला उशीर झाला होता म्हणून मी ऑपरेशनलाच नावं ठेवणार नाही. तूही माझ्या तोंडाकडे बघून ते टाळू नकोस.

दवाखाना बंद कर म्हणालो त्याचं खरं कारण ते बधिर बोट आहे. अंगठा आणि ते बोट ह्यांच्यावर तर तुझं सगळं आहे. कुणाच्या जिभेला यंत्र लागलं तर, हे तूच रात्री विचार करत असशील, मी कशाला लिहू. जावईबापू म्हणाले की अवघड दाढा तू सध्या दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवतेस. ते ऐकून मला बरं वाटलं आणि नंतर फार वाईट वाटलं. दाढा काढण्यात तुझा हात धरणारं तुझ्या वर्गात कुणी नव्हतं. तुझ्या सरांनी मला स्वतः सांगितलं होतं, पदवीच्या दिवशी, तू पेढे आणायला गेली होतीस तेव्हा.

हप्त्यांचं सांगू नकोस. खुर्चीचा हप्ता, जागेचा हप्ता, मला पाठ आहेत. तीन महिने अर्धा दिवस दवाखाना ठेव. फरकाचं मी बघतो. कसं ते विचारू नकोस आणि आईलाही विचारू नकोस, तिला माहीत नाही. धाकट्याला माहीत आहे, त्याने होकार दिलाय, त्याला त्यावरून बोलायचं नाही.

मी तुळशीच्या लग्नानंतर नाशिकला येतोय. काही सांगायला येत नाही. व्यायामाच्या ठिकाणी तुला सोडायला आणि आणायला येतो, स्कूटीवर खड्ड्यांतून एका हाताने जातेस ते बंद. जावईबापूंना कामावर जायचं असतं, मला काय काम आहे. बाहेर बाकावर बसेन, आत येणार नाही, डॉक्टरांशी बोलणार नाही. जमेल तितकं नाही बोलणार.

इंद्रायणी भरडून आणलाय. दर वर्षी पन्नासचं पोतं देतो, ह्या वेळी पाच-पाच किलोच्या पिशव्या केल्यात आणि तोंडं शिवलीत. एसटीच्या पार्सलने येतील, आधी फोन करेन. सोडवायला जावईबापूंना पाठव. ते नसतील तर राहू दे, पार्सल ऑफिसात दोन दिवस ठेवतात, मी विचारून घेतलंय.

तुझे,
तात्या

ता. क. आई म्हणते तिळाच्या तेलाने शेक घे. घ्यायचा तर घे, पण चोळायला लावू नकोस कुणाला. आणि उत्तर लिहिणार असशील तर हाताने लिही, टाइप करू नकोस. अक्षर बघायचंय.