टेलर काकींना, खांद्याच्या मापाबद्दल

आदरणीय काकी,

तुमचं नाव इथं घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. फोंड्यात ज्यांनी तुमच्याकडे ब्लाउज शिवून घेतलेत त्या ओळखतीलच.

गणेश चवथीचा ब्लाउज शिवायला टाकायला आले, तेव्हा टेप माझ्या पाठीवर धरून तुम्ही थांबलात. वहीतलं गेल्या वर्षीचं माप बघितलंत, पुन्हा टेप लावलीत आणि म्हणालात, "खांदे सकयल सोड गो बाय." मी म्हटलं, सोडलेलेच आहेत. तुम्ही दोन्ही तळहात ठेवून हलकेच दाबलंत, तर खांदे चांगले बोटभर खाली आले! कानांकडे चढून ते कधीपासून बसले होते, देव जाणे. छातीचं माप घेताना पुन्हा तुम्हीच विचारलंत, "श्वास का धरून ठेवलायस?"

"टेन्शन घेऊ नकोस" असं मला घरीदारी सगळेच सांगत होते. त्या सल्ल्याचं करायचं काय, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. खांदे सोडणं जमण्यासारखं होतं, म्हणून तुमचे आभार.

त्यानंतर मी स्वतःकडे जरा लक्ष द्यायला लागले. सकाळच्या पणजीच्या बसमध्ये बाणस्तारीचा पूल येईपर्यंत माझे दात एकमेकांवर घट्ट बसलेले असायचे. खरं तर काही खात-बोलत नसताना ओठ मिटलेले असले तरी दातांमध्ये थोडी फट असायला हवी. आरशात पाहिलं तर जिभेच्या कडेला दातांचे ठसे. सकाळी कानशिलं ठणकायची त्याचा दोष मी उशीला देत होते. डावी पापणी फडफडायची तेव्हा आई म्हणायची, शुभ आहे. मे महिन्याच्या घामात हाताची बोटं मात्र गार! आणि ऑफिसात टेबलाखाली पायाची बोटं चपलेत आवळलेली.

शरीराला मार्चअखेरची फाइल आणि अंगावर धावून आलेला रेडा यांतला फरक फारसा कळत नाही. ॲड्रेनलिन नावाचं संप्रेरक सुटतं, स्नायू ताठ होतात, त्वचेचं आणि पोटाचं रक्त कमी होऊन मोठ्या स्नायूंकडे वळतं. म्हणून हात गार पडतात आणि जेवण पचत नाही. ताणाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हान्स सेलिए यांनी 1936 साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं की थंडी असो, इजा असो की अतिश्रम, शरीर बऱ्याच अंशी एकाच ठरावीक रीतीनं उत्तर देतं. रेडा निघून जातो. फाइल टेबलावरच असते, म्हणून खांदेही वरच.

तुमचं आणखी एक मला फार पटलं. "सगळं टेन्शनवर ढकलू नको, रक्त तपासून घे," असंही तुम्ही बजावलंत. ते बरोबरच होतं. गार हात, धडधड, केस गळणं हे थायरॉइडमुळे किंवा रक्त कमी असल्यानंही होतं. माझे रिपोर्ट ठीक आले. पण छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर खांदे सैल सोडत बसू नये, सरळ डॉक्टर गाठावा.

आता साहेबांचा फोन वाजला की आधी खांदे सोडते, मग श्वास घेते आणि घेतला त्यापेक्षा सावकाश सोडते. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, त्यामुळे एवढ्यानंही फरक पडतो. साहेब आहेत तसेच आहेत.

पुढच्या आठवड्यात माझ्या जावेला तुमच्याकडे पाठवतेय. तिच्या मते तिला काहीही झालेलं नाही. ती रात्री दात खाते, हे भावजींकडून कळलं. तिला फक्त ब्लाउज शिवायचाय एवढंच सांगितलंय, तेव्हा माप जरा सावकाश घ्या.

तुमची,
चवथीला उशिरा ब्लाउज टाकणारी एक गिऱ्हाईक